वाचलेलं आभाळ : ओझोनच्या थराची गोष्ट आणि आपला पिंपरी-चाकण पट्टा

पोस्ट लांब आहे. शिफ्ट सुटल्यावर किंवा रविवारी निवांत वाचा, पण वाचा.

दर वर्षी १६ सप्टेंबरला आपल्याकडच्या शाळांमध्ये ओझोन दिनाची चित्रं काढली जातात. पृथ्वीवर छत्री, वर लालबुंद सूर्य, खाली 'ओझोन वाचवा'. दुसऱ्या दिवशी चित्रं फळ्यावरून उतरतात आणि विषय संपतो. मोठ्या माणसांना वाटतं, हे काहीतरी अंटार्क्टिकाचं प्रकरण आहे, आपला काय संबंध?

संबंध आहे. ही गोष्ट पुण्याच्या शिमला ऑफिसातून जाते, भोसरीच्या वर्कशॉपमधून जाते आणि चाकणच्या असेंब्ली लाइनवरूनही जाते. शिवाय पर्यावरणाचं एखादं मोठं काम जगाने हातात घेतलं आणि ते तडीला नेत आणलं, असं उदाहरण शोधायला गेलं तर हेच पहिलं सापडतं. ते कसं जमलं हे आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावाला माहीत असायला हवं. आपल्यापुढची बाकीची कामं तशीच पडून आहेत.

आधी आभाळाचा नकाशा बघू.

नाशिक फाट्यापासून निघणारा आपला नाशिक हायवे उचलून सरळ आभाळात उभा केला असं समजा. नाशिक फाटा म्हणजे जमीन. भोसरी गेली, मोशी आली की उंची झाली नऊ-दहा किलोमीटर. एव्हरेस्टचं शिखर मोशीच्या अलीकडेच राहिलं. मोशी ओलांडली की प्रवासी विमानांची उंची. जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. चाकणच्या आसपास, म्हणजे सोळा-अठरा किलोमीटरवर, तापमान उणे ८०च्या घरात जातं. हा झाला पहिला थर, तपांबर. ढग, पाऊस, वादळ, धूर, धूळ आणि हवेचा बहुतेक सगळा भार या चाकणपर्यंतच्या टप्प्यात. ढगसुद्धा वर येऊन चाकणला अडतात. आपल्यासारखेच.

चाकण ओलांडलं की उलटा प्रकार सुरू होतो. आता वर जावं तसं तापमान वाढायला लागतं. हा दुसरा थर, स्थितांबर, आणि तो जातो थेट मंचरपर्यंत, साधारण ५० किलोमीटर. मंचरला तापमान पुन्हा शून्याच्या जवळ आलेलं असतं. त्याच्या पुढे मध्यांबर, पुन्हा थंडी, ते संपतं आळेफाट्याच्या जवळपास, ८०-८५ किलोमीटरवर. त्यापुढची हवा इतकी विरळ की तिला हवा म्हणायचं फक्त नावाला.

आता प्रश्न असा की चाकण ते मंचर तापमान वाढतं कशाने? तिथे कोण शेगडी पेटवतं? उत्तर आहे ओझोन. साधारण १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे चाकणच्या थोडं अलीकडून राजगुरुनगरच्या थोडं पलीकडेपर्यंत, हा वायू जास्तीत जास्त साठलेला असतो. सूर्याचे अतिनील किरण तो गिळतो आणि त्यातून ती हवा तापते. वर ऊबदार, खाली थंड अशी हवा असली की ती घुसळली जात नाही. तिथे पाऊस नाही, धुऊन काढणारं काही नाही. तिथे जे पोचलं ते वर्षानुवर्षं राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बरं, ओझोन म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरजच नाही. वेल्डिंग चालू असताना जो एक तिखट, नाकात झोंबणारा वास येतो, त्यात ओझोनचा वाटा असतो. आर्कमधून निघणारे अतिनील किरण आजूबाजूच्या प्राणवायूचे रेणू फोडतात, मोकळे झालेले अणू दुसऱ्या रेणूंना चिकटतात आणि दोन अणूंच्या प्राणवायूचा तीन अणूंचा ओझोन होतो. सूर्य हेच काम वर आभाळात करतो. आणि तेच किरण उघड्या डोळ्यांवर पडले तर काय होतं हेही वेल्डरला विचारा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी थांबत नाही, झोप येत नाही. काच न लावता काही मिनिटं आर्ककडे बघितलं तर ही गत. वरचा ओझोन म्हणजे सगळ्या जीवसृष्टीच्या डोळ्यांवरची वेल्डिंगची काच. ती नसती तर त्वचेचे कॅन्सर, मोतीबिंदू, पिकांची आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची हानी, ही यादी लांबत गेली असती.

आणि ही काच किती जाड? वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबात आणि शून्य अंशाला पसरला तर जगाची सरासरी भरते फक्त ३ मिलीमीटर. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढी. आपल्या अक्षांशावर तर त्याहूनही थोडी कमी.

आता इतिहास.

वासावरूनच १८३९-४०च्या सुमाराला शोनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने या वायूला नाव दिलं. ग्रीक भाषेत 'वास येणे' या क्रियापदावरून ओझोन. १९०२ साली फ्रान्सच्या तेसरँक द बोर यांनी शेकडो फुगे सोडून दाखवून दिलं की एका उंचीनंतर तापमान घसरायचं थांबतं, म्हणजे आभाळाला मजले आहेत. १९१३ साली फाब्री आणि ब्युइसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वरच्या ओझोनचं मोजमाप केलं. मग इंग्लंडच्या डॉब्सन यांनी तो रोज मोजता येईल असं यंत्र बनवलं आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी ते जगभरात ठिकठिकाणी ठेवलं. त्यातलं एक आपल्या देशात, कोडाईकनालला होतं.

इथून पुणे गोष्टीत येतं. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत. गाव सोडून शंभर वर्षं होत आली तरी आपण अजून तिला 'शिमला ऑफिस'च म्हणतो आणि बसचा स्टॉपही त्याच नावाचा. याच खात्यातल्या के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली फुग्यांच्या नोंदींवरून एक चकित करणारी गोष्ट मांडली : पृथ्वीजवळची सगळ्यात थंड हवा ध्रुवांवर नाही, ती विषुववृत्ताच्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर आहे. पुढे १९४९ साली आर. व्ही. करंदीकर यांच्यासोबत त्यांनी उष्ण कटिबंधात ओझोन उंचीनुसार कसा वाटला गेलाय यावर निबंध प्रसिद्ध केला. नंतर ते आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षही झाले.

आणि मग अॅना मणी. १९१८ साली केरळमधल्या पीरमेड इथे जन्म, बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत माणिक आणि हिऱ्यांवर काम. प्रबंध लिहून तयार, पण एमएस्सीची पदवी नाही म्हणून पीएचडी नाकारली गेली. त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं बनवायला शिकल्या आणि १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. स्वातंत्र्याला एक वर्ष झालेलं. साधा पर्जन्यमापक, तापमापकसुद्धा परदेशातून यायचा. मणी यांनी पुण्याच्या कार्यशाळेत शंभराच्या आसपास उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून ती इथे बनवायला घेतली. हाताखाली शंभरावर माणसं, सगळे पुरुष. एखादं उपकरण चुकीचं मोजत असेल तर ते नसलेलं बरं, अशी त्यांची शिस्त.

याच परंपरेतून १९६०च्या दशकात भारताचा स्वतःचा ओझोनसाँड तयार झाला. हे यंत्र फुग्याला बांधून सोडतात. छोटा पंप हवा ओढतो, ती पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते, ओझोनमुळे आयोडीन मोकळं होतं आणि जेवढा ओझोन तेवढा बारीकसा विद्युतप्रवाह. तो रेडिओवरून खाली कळतो. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो, तोवर आभाळाचा उभा छेद कागदावर आलेला असतो. स्वतःचा ओझोनसाँड असलेले देश त्या वेळी हातावर मोजण्याइतके होते. पुण्यातून हे फुगे नियमित सोडले जात. म्हणजे पिंपरीत कारखान्यांचे पाये खणले जात होते त्याच वर्षांत, दहा-बारा किलोमीटरवर, आपल्याच डोक्यावरचा ओझोन मोजायची सोय तयार होत होती. दोघांची एकमेकांशी ओळख व्हायला मात्र वीस वर्षं लागायची होती.

आता दुसरी बाजू. फ्रिजची.

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले वायू असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. १९२८ साली अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली : क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगं, म्हणजे सीएफसी. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी प्रक्रिया करत नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी हा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन्ही सिद्ध : विषारी नाही, ज्वलनशील नाही. (पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची कल्पनाही याच गृहस्थांची. असो.)

पुढची पन्नास वर्षं हा वायू सगळीकडे पोचला. फ्रिजमध्ये, एसीत, गाडीच्या एसीत आर-१२, फोम फुगवायला आर-११, सेंटच्या डब्यात, दम्याच्या पंपात. मशीनिंग झालेले भाग आणि इलेक्ट्रॉनिक पाट्या धुवायला त्याचेच भाऊबंद. आपल्याकडच्या जुन्या कामगारांना 'सीटीसी' आठवत असेल, कार्बन टेट्राक्लोराइड. तेलकट पार्ट त्यात बुडवला की चकचकीत निघायचा. तोही ओझोन खाणाराच. १९८०च्या दशकात जगात वर्षाला सुमारे १० लाख टन सीएफसी तयार होत होता. बहुतेक सगळा श्रीमंत देशांत.

१९७१ साली जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः बनवलेलं संवेदनशील यंत्र बोटीवर चढवलं, इंग्लंडपासून अंटार्क्टिकापर्यंत हवा तपासली आणि जाईल तिथे सीएफसी सापडला. त्यांना त्यात धोका दिसला नाही. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला : हा वायू कशाशीच प्रक्रिया करत नाही, पावसात विरघळत नाही, मग तो जातो कुठे? उत्तर १९७४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. तो हळूहळू चाकण ओलांडून वर जातो. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीनचा अणू सुटतो आणि ओझोन मोडायला लागतो. स्वतः मात्र खर्च होत नाही. एक अणू एक लाखापर्यंत ओझोन रेणू मोडू शकतो. आणि वर धुऊन काढायला पाऊस नाही. आर-१२चं आयुष्य शंभर वर्षांच्या आसपास.

उत्पादक कंपन्यांनी अर्थातच ही सगळी कल्पना आहे म्हणून उडवून लावली. दहा वर्षं वाद चालला. मग १९८५ साली ब्रिटनच्या जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या नोंदी छापल्या. तिथे १९५०च्या दशकापासून डॉब्सनचं यंत्र चालू होतं. दर वसंतात ओझोन कमी कमी होत चालला होता आणि आता एक तृतीयांश गायब होता. गंमत म्हणजे अमेरिकेच्या उपग्रहालाही हे आकडे दिसले होते, पण इतके कमी आकडे चुकीचे असणार म्हणून संगणकाने ते संशयित म्हणून बाजूला ठेवले होते. बातमी फुटली ती त्याच जागी, त्याच जुन्या यंत्राने, कंटाळा न करता वर्षानुवर्षं मोजणाऱ्या माणसांमुळे. सुसान सॉलोमन यांच्या मोहिमांनी पुढच्याच वर्षांत कारण पक्कं केलं : तिथल्या बर्फाळ ढगांवर क्लोरीन मोकळा होतो. १९९५चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना मिळालं.

१६ सप्टेंबर १९८७ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात करार झाला. शाळेतल्या चित्रांची तारीख ती हीच.

भारताने लगेच सही केली नाही, आणि का केली नाही हे समजून घ्या. वायू सोडला पाश्चात्त्यांनी, भोक पडलं त्यांच्यामुळे, आणि आपल्या घरात नुकताच पहिला फ्रिज येत होता. तंत्रज्ञान बदलायचा खर्च कोणी करायचा? १९९० साली लंडनच्या बैठकीत पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू ताठपणे मांडली, चीनही सोबत होता. त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर आणखी ८ कोटी. करारातच असं कलम होतं यावरून आपलं वजन किती होतं ते कळतं. विकसनशील देशांना दहा वर्षं जास्तीची मुदतही मिळाली. १९ जून १९९२ला भारत करारात सामील झाला.

मग खरं काम सुरू झालं आणि ते भाषणांत नव्हतं. ते आपल्यासारख्या पट्ट्यांत होतं. कॉम्प्रेसरचं तेल बदलायचं, कारण जुनं खनिज तेल आर-१३४एला चालत नाही. सील आणि नळ्यांचं रबर बदलायचं. कंडेन्सरचं डिझाइन बदलायचं. गॅस भरायचं मशीन बदलायचं. फोमचं रसायन बदलायचं. पार्ट धुवायला पाण्यावर चालणारी रसायनं आणायची. २००० साली केंद्राने ओझोन नष्ट करणाऱ्या पदार्थांचे नियम काढले. १ जानेवारी २००३ पासून, दम्याच्या पंपांसारखे अपवाद सोडले तर, नव्या वस्तूंत सीएफसी वापरायला बंदी आली. कार, फ्रिज, एसी, सगळं त्यात आलं. देशात सीएफसी बनवणारे कारखाने चार होते. ते उत्पादन बंद करण्यासाठी निधीतून ८ कोटी २० लाख डॉलर मिळाले आणि १ ऑगस्ट २००८ला, मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसी बनवणं थांबवलं. २००९च्या अखेरीला सीटीसी गेला. १ जानेवारी २०२०ला फोममधला एचसीएफसी-१४१बी गेला.

आता त्याच वर्षांतला आपला पट्टा आठवा. १९९८ला पिंपरीतून इंडिका बाहेर पडली. १९९९ला बजाजचा चाकण प्रकल्प सुरू झाला. २००९ला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन चाकणला आले, पाठोपाठ महिंद्रा. म्हणजे सीएफसीवर बंदी आली त्याच काळात इथला वाहन उद्योग सगळ्यात जोरात वाढला. पर्यावरणाचा नियम आला की कारखाने पळून जातील, पोरं बेकार होतील, हे आपण प्रत्येक वेळी ऐकतो. ओझोनच्या बाबतीत नियम आले, पाळले गेले, आणि चाकण रिकामं झालं नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगेच, शिरवळच्या गोदरेजच्या कारखान्यात, जर्मन मदतीने प्रोपेन वायूवर चालणारे घरगुती एसी बनायला लागले आणि ते जगात उदाहरण म्हणून दाखवले गेले.

परिणाम? २०२२च्या शास्त्रीय अहवालानुसार आत्ताची धोरणं टिकली तर जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४०च्या सुमाराला १९८०च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर २०६६च्या आसपास. आज बालवाडीत असलेलं पोर चाळिशीत आलेलं असेल. इतकी सावकाश, पण जखम भरते आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तिला शेपूट आहे, आणि ते आपल्या गल्लीत आहे.

सीएफसीच्या जागी आलेले वायू, आर-१३४ए, आर-४१०ए वगैरे, ओझोनला हात लावत नाहीत. पण पृथ्वी तापवतात. हे वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती पट उष्णता अडवतात याचा पहिला हिशोब सीएफसीसाठी १९७५ साली वीरभद्रन रामनाथन या भारतीयानेच मांडला होता. आर-१३४एचा आकडा आहे १,४३०. हिशोब करू. गाडीच्या एसीत समजा अर्धा किलो गॅस आहे. तो हवेत सोडला तर ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळलं. लिटरला १५ किलोमीटरने ४,५०० किलोमीटर. पिंपरी ते चाकण रोज ये-जा केली तर जवळजवळ चार महिने. आणि हे सगळं एका 'फुस्स'मध्ये.

ही 'फुस्स' आपण सगळ्यांनी ऐकली आहे. उन्हाळा लागला की एसी गार करत नाही, मेकॅनिक येतो, उरलासुरला गॅस नळी सैल करून सोडून देतो आणि नवीन भरतो. 'गॅस मारला, झालं काम.' खरं तर एसी ही बंद यंत्रणा आहे. तिच्यात गॅस दरवर्षी भरावा लागत नाही. लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरणं.

यात मेकॅनिकला शिव्या देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. गॅस ओढून परत सिलिंडरमध्ये घेणारं रिकव्हरी मशीन महाग. ते उचलून चौथ्या मजल्यावर न्यायचं, अर्धा तास जास्त द्यायचा, आणि गिऱ्हाईक पन्नास रुपयांवरून घासाघीस करणार. कारखान्यांना बदलायला लंडनच्या निधीतून पैसा आला. सरकारी योजनांतून हजारो तंत्रज्ञांना प्रशिक्षणही मिळालं. पण सायकलवर गेज आणि सिलिंडर अडकवून फिरणाऱ्या माणसाच्या हातात मशीन कोणी दिलं?

तीच गत भंगाराची. जुना फ्रिज फोडला की त्याच्या नळीतला आणि भिंतीच्या फोममधला वायू मोकळा होतो. जुन्या फ्रिजात तो अजूनही सीएफसी असू शकतो. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं कुदळवाडीत चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली. पण भंगार पाडून संपत नाही, ते जागा बदलतं. २०२२च्या ई-कचरा नियमांत फ्रिज आणि एसी येतात. ते कुठे, कोणाच्या हातून, कसे फोडले जातात याचा हिशोब कोणी विचारला आहे का?

आता तारखा बघा. २०१६ साली किगाली इथे करारात दुरुस्ती झाली, भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. या नव्या वायूंचा आपला वापर २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या सरासरीवरून ठरणार, २०२८ला तिथेच गोठणार आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. आर-२२सारखे एचसीएफसी नव्या यंत्रांत भरणं २०२५ पासून बंद झालं आहे आणि २०३० पर्यंत, दुरुस्तीपुरता थोडा कोटा सोडून, तेही जाणार. गाड्यांचे आणि एसीचे भाग बनवणाऱ्या आपल्या पट्ट्याला हा बदल पुन्हा एकदा करायचा आहे. तोही जुन्या बदलाइतकाच निमूट होईल, पण तयारी असेल तर. नवे वायू पेट घेऊ शकतात, म्हणजे हाताळणारा माणूस शिकलेला लागेल. आयटीआयच्या मुलांसाठी यात रोजगार आहे.

शेवटची गोष्ट, जी लोक हमखास गोंधळतात. वरचा ओझोन आपला, खालचा ओझोन वैरी. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सॉल्व्हंट-पेंटची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो छातीत जातो, दमा वाढवतो, पिकांची पानं जाळतो. देशाचं मानक आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. पाषाणच्या आयआयटीएमच्या 'सफर' यंत्रणेची केंद्रं निगडी, भोसरी, आळंदी, भूमकर चौक इथे बसलेली आहेत. हवा मोजण्याची पुण्याची परंपरा आता आपल्या दारात आली आहे. तो आकडा फुकट बघता येतो. उन्हाळ्यातल्या दुपारी एकदा बघा.

मग ओझोनचं जमलं कशामुळे? चार गोष्टी एकत्र आल्या. कोणीतरी न चुकता मोजत होतं. मोजलेलं उघड छापलं गेलं. नियमाला तारीख होती, 'लवकरच' नव्हतं. आणि बदलणाऱ्याला पैसा आणि पर्याय मिळाला. आता आपली इंद्रायणी घ्या. आळंदीत नदीवर फेस येतो, बातमी येते, पाहणी होते, फेस ओसरतो, पुन्हा येतो. या चारपैकी तिथे काय काय आहे, स्वतःच मोजा. पवनेचंही तेच. माणसाने पन्नास किलोमीटर वरचं आभाळ दुरुस्त करायला घेतलं आणि ते होतंय. दारातली नदी होत नाही, याला निसर्ग जबाबदार नाही.

काय मागायचं ते साधं आहे. एसीवाल्याला विचारा, गळती शोधलीस का, गॅस परत घेतोस का, आणि त्याचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्या. सोसायटीच्या आणि कंपनीच्या देखभाल करारात गॅस रिकव्हरीची अट घाला. महापालिकेने आपल्या रुग्णालयांच्या आणि कार्यालयांच्या निविदांत तीच अट घालावी, जुने एसी लिलावात काढताना गॅस काढून घ्यावा, आणि प्रभागात एक-दोन रिकव्हरी मशीन मेकॅनिक मंडळींना भाड्याने मिळतील अशी सोय करावी. एका चौकाच्या सुशोभीकरणाला लागतो तेवढाही पैसा याला लागणार नाही.

ओळखीत कोणी एसी-फ्रिजचं काम करत असेल, तर त्याला ही पोस्ट पाठवा आणि रिकव्हरी मशीनबद्दल त्याचं म्हणणं खाली लिहायला सांगा. नगरसेवकाकडे जाताना तेच घेऊन जाऊ.